पुस्तकांचा अनुशेष

परीक्षांचे दिवस जवळ येऊ लागले की छत्रपती संभाजीनगरात अभ्यासाला जागा मिळवणे हे पुस्तक मिळवण्याहून अवघड होऊन बसते. विद्यापीठ परिसरातील वाचनकक्ष असोत, महाविद्यालयांच्या अभ्यासिका असोत की गल्लोगल्ली निघालेल्या खाजगी अभ्यासिका असोत, सकाळी दार उघडण्यापूर्वीच तेथे विद्यार्थी येऊन उभे राहिलेले दिसतात. बीड, जालना, धाराशिव या जिल्ह्यांतील खेड्यापाड्यांतून आलेली ही मुले-मुली आहेत. कोणी कोरडवाहू शेतकऱ्याचा मुलगा, कोणी ऊसतोड कामगाराची मुलगी, कोणी शिक्षक वा कारकुनाचे अपत्य. एका खोलीत चौघांनी राहायचे, डबा वाटून खायचा आणि दिवसाचे दहा-बारा तास खुर्चीवर काढायचे, हा त्यांचा क्रम. या जिद्दीचे कौतुक करावे तेवढे थोडेच.

परंतु या गर्दीकडे जरा बारकाईने पाहणाऱ्याच्या ध्यानात एक गोष्ट आल्यावाचून राहत नाही. टेबलांवर जी पुस्तके उघडलेली असतात ती बहुधा विद्यार्थ्याने स्वतः आणलेली असतात. एखादे गाईड, छायांकित टिपणांचा गठ्ठा, मागील वर्षांच्या प्रश्नपत्रिकांचा संच, एवढीच ती सामग्री. ग्रंथालय त्याला देते ते खुर्ची, पंखा, दिवा आणि शांतता. पलीकडच्या दालनात ग्रंथांनी भरलेली कपाटे उभी असतात आणि देवघेवीच्या खिडकीपाशी शुकशुकाट असतो. अभ्यासिका आणि ग्रंथालय या दोन भिन्न संस्था आहेत, याचाच आपल्याला विसर पडला आहे. किंबहुना पहिलीच्या भरभराटीने दुसरीचे दारिद्र्य झाकले जात आहे, असे म्हटले तर ते वावगे ठरू नये.

मराठवाड्याला अनुशेष हा शब्द नवा नाही. प्रा. वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९८४ साली राज्यातील प्रादेशिक असमतोलाची मोजदाद केली आणि ३,१८६ कोटी रुपयांचा अनुशेष निश्चित केला. रस्ते, सिंचन, ग्रामीण विद्युतीकरण, आरोग्य, पाणीपुरवठा, शिक्षण अशी क्षेत्रे त्या समितीने विचारात घेतली होती. पुढे १९९४ साली वैधानिक विकास मंडळे आली, २०१३ साली डॉ. विजय केळकर समितीचा अहवाल आला आणि २०२० साली मंडळांची मुदतही संपली. या साऱ्या काळात किती हेक्टर जमीन भिजली नाही आणि किती किलोमीटर रस्ता झाला नाही, याचा हिशेब आपण मांडत राहिलो, आणि ते योग्यच होते. परंतु ग्रंथालय हे स्वतंत्र क्षेत्र मानून, या प्रदेशातील विद्यार्थ्याच्या हाती किती पुस्तके पडायला हवी होती आणि किती पडली, हा हिशेब मात्र कधी मांडला गेला नाही. हा अनुशेष कोणत्याही कोष्टकात नाही. म्हणून तो भरून काढण्याची जबाबदारीही कोणाची नाही.

वास्तविक या प्रदेशाला ग्रंथांचे मोल कोणी नव्याने शिकवावे अशी स्थिती नव्हती. निजामी राजवटीत सभा-संमेलनांवर कडक निर्बंध होते. त्या काळात गावोगावची वाचनालये हीच जागृतीची ठिकाणे होती. वर्तमानपत्र वाचण्याच्या निमित्ताने माणसे एकत्र येत आणि त्यांतूनच १९४८ च्या मुक्तीपर्यंत पोहोचलेले कार्यकर्ते तयार झाले. त्याच राजवटीची दुसरी बाजूही येथे नमूद केली पाहिजे. १९१८ साली हैदराबादेत उस्मानिया विद्यापीठ स्थापन झाले आणि उर्दू हे त्याचे माध्यम ठरले. मराठी मुलांवर ती भाषा लादली गेली हे खरेच. परंतु परक्या भाषेतील ज्ञान देशी भाषेत शिकवायचे तर आधी त्या भाषेत ग्रंथ हवेत, हे त्या विद्यापीठाच्या धुरीणांनी ओळखले होते. विद्यापीठाच्या आदल्याच वर्षी, १९१७ साली, त्यांनी अनुवाद विभाग उभारला आणि त्याने शेकडो ग्रंथ उर्दूत आणले. आरंभी त्या विभागाची सूत्रे ज्यांच्याकडे होती ते मौलवी अब्दुल हक हे याच नगरात राहून अंजुमन-ए-तरक्की-ए-उर्दूचा कारभार पाहत असत. आपण मराठी माध्यम स्वीकारले आणि ते स्वीकारणे न्याय्यच होते. परंतु ग्रंथ आधी आणि वर्ग नंतर हा क्रम मात्र आपण स्वीकारला नाही.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० साली येथे महाविद्यालय सुरू केले. तेच पुढे मिलिंद महाविद्यालय या नावाने नावारूपास आले. २३ ऑगस्ट १९५८ रोजी मराठवाडा विद्यापीठाची स्थापना झाली. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने नामांतराचा ठराव केला आणि त्यानंतर साडेपंधरा वर्षे हा प्रदेश त्या प्रश्नावर धुमसत राहिला. माणसांचे प्राण गेले, घरे जळाली, पिढ्या दुभंगल्या. १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार झाला. ज्या पुरुषाचे नाव या विद्यापीठाला इतके मोल देऊन लाभले, तो आधुनिक भारतातील बहुधा सर्वांत मोठा ग्रंथप्रेमी होता. लंडनच्या ग्रंथालयांत दिवसच्या दिवस बसून त्यांनी रुपयाच्या प्रश्नावरील आपला प्रबंध सिद्ध केला. तो १९२३ साली प्रसिद्ध झाला. दादरचे राजगृह त्यांनी बांधले ते ग्रंथांना जागा पुरावी म्हणून. प्रवेशद्वारावरील नावाचा अर्थ प्रवेशद्वाराच्या आत शोधायचा असेल तर तो प्रथम ग्रंथालयात शोधला पाहिजे.

आता विद्यार्थ्याच्या प्रत्यक्ष स्थितीकडे पाहू. अर्थशास्त्राच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात भारतातील दारिद्र्याच्या मोजमापाचा विषय येतो आणि १९७१ साली प्रसिद्ध झालेल्या दांडेकर व नीळकंठ रथ यांच्या अभ्यासावर प्रश्नही येतो. विद्यार्थी त्याचे उत्तर लिहितो आणि त्याला बरे गुणही पडतात. प्रस्तुत लेखकाने एकदा वर्गात विचारले की हा मूळ अभ्यास हातात घेऊन पाहिलेले कितीजण आहेत. एकही हात वर झाला नाही. विद्यार्थ्यांना दोष देण्याचे कारण नव्हते, कारण त्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात त्याची प्रतच नव्हती. दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबातून आलेला मुलगा दारिद्र्यरेषेवरचे उत्तर गाईडमधून पाठ करतो आणि ती रेषा कोणी, कशी व का आखली हे त्याला कधी कळत नाही. यात केवळ शैक्षणिक उणीव आहे असे नाही. स्वतःच्या परिस्थितीविषयी स्वतंत्र विचार करण्याचे साधनच त्याच्यापासून दूर राहते. पुण्यातील विद्यार्थ्याला विद्यापीठाचे जयकर ग्रंथालय आहे, गोखले अर्थशास्त्र संस्थेचे धनंजयराव गाडगीळ ग्रंथालय आहे, भांडारकर संस्था आहे. तो त्यांचा लाभ घेतो की नाही हा वेगळा प्रश्न. पण दार त्याच्यापासून चार-पाच किलोमीटरवर असते. परांडा किंवा आष्टी येथील महाविद्यालयात शिकणाऱ्या विद्यार्थ्याला असे दार कोठे आहे?

अर्थशास्त्राच्या दृष्टीने पाहिले तर खाजगी अभ्यासिका आणि सार्वजनिक ग्रंथालय यांतील भेद सहज स्पष्ट होतो. खुर्ची एका वेळी एकालाच वापरता येते. म्हणून तिचे भाडे आकारता येते आणि तिचा बाजार उभा राहतो. मागणी वाढली, खोल्या भाड्याने घेतल्या गेल्या, लाकडी कप्पे ठोकले गेले. यात गैर काहीच नाही. परंतु दोन हजार रुपयांचा संदर्भग्रंथ जो शंभर विद्यार्थ्यांना वीस वर्षे उपयोगी पडेल, तो कोणी एक विद्यार्थी विकत घेणार नाही आणि कोणी अभ्यासिकाचालकही घेणार नाही. समाजाला त्याचा लाभ शंभरपट, पण त्याची किंमत मोजण्याची प्रेरणा एकालाही नाही. अशा वस्तू सार्वजनिक खर्चानेच पुरवाव्या लागतात, हा आमच्या विषयातील प्राथमिक धडा आहे. बाजाराने खुर्च्यांचा प्रश्न सोडवला. ग्रंथांचा प्रश्न तो सोडवणार नाही आणि सोडवीत नाही म्हणून त्याला दोष देण्यातही अर्थ नाही.

मग सार्वजनिक खर्च किती असावा? विद्यापीठांच्या अंदाजपत्रकात ग्रंथालयाचा निश्चित हिस्सा असावा, हा विचार राधाकृष्णन आयोगाने १९४८-४९ सालीच मांडला होता. कोठारी आयोगाने १९६६ च्या आपल्या अहवालात दरवर्षी प्रत्येक विद्यार्थ्यामागे २५ रुपये आणि प्रत्येक अध्यापकामागे ३०० रुपये ग्रंथालयावर खर्च व्हावेत असे प्रमाण सुचवले. आज हे आकडे वाचून हसू येईल. परंतु औद्योगिक कामगारांच्या ग्राहक मूल्य निर्देशांकाची साखळी जोडून हिशेब केला तर १९६६ पासून भाववाढ साधारण साठपट झाल्याचे दिसते. म्हणजे आजच्या भावाने ते प्रमाण विद्यार्थ्यामागे सुमारे १,५०० रुपये आणि अध्यापकामागे सुमारे १८,००० रुपये होते. पाचशे विद्यार्थी व वीस अध्यापकांच्या लहानशा महाविद्यालयाला या मापाने वर्षाला ११ लाख रुपयांहून अधिक रक्कम ग्रंथांसाठी लागेल. आपल्या महाविद्यालयाच्या ताळेबंदातील आकडा या आकड्याशेजारी ठेवून पाहावा, अशी प्रत्येक प्राध्यापकाला नम्र विनंती आहे.

जी थोडी रक्कम मिळते तिच्या विनियोगाची कथाही सांगण्यासारखी आहे. वर्षभर खरेदी होत नाही. मार्चअखेर जवळ आला किंवा मूल्यांकन समिती येणार असे कळले की घाई सुरू होते. ज्या विक्रेत्याची सवलत अधिक त्याची यादी मंजूर होते. कोणते पुस्तक हवे यापेक्षा किती पुस्तके आली याला महत्त्व येते, कारण अहवालात संख्या भरायची असते. एकाच क्रमिक पुस्तकाच्या वीस प्रती दाखल नोंदवहीत चढतात आणि मूळ ग्रंथाची एकही येत नाही. एवढे होऊन जे चांगले ग्रंथ येतात ते कुलुपाआड जातात. यामागे ग्रंथपालाचा आळस नसून त्याचे भय आहे. पुस्तक हरवले तर त्याची किंमत आपल्या पगारातून जाईल, हे ते भय. आता केंद्र सरकारचे २०१७ चे सर्वसाधारण वित्तीय नियम असे मानतात की वर्षभरात वाचकांना दिलेल्या वा वापरलेल्या दर हजार ग्रंथांमागे पाच ग्रंथांची हानी वाजवी समजावी, मात्र ती अप्रामाणिकपणामुळे वा निष्काळजीपणामुळे झालेली नसावी. सरकारी हिशेबाला जे मान्य आहे ते आपल्या संस्थांच्या व्यवस्थापनांना मान्य का नसावे? मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल आणि मूळचे गणिताचे अध्यापक डॉ. रंगनाथन यांनी १९३१ सालीच ग्रंथालयशास्त्राचे जे पाच नियम मांडले, त्यांचे सार हेच की ग्रंथालयाची कसोटी साठ्यावर नसते, वापरावर असते. हरवलेल्या पुस्तकापेक्षा न वाचलेले पुस्तक हे मोठे नुकसान आहे.

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो. आज सारे ज्ञान भ्रमणध्वनीवर आले असताना कागदी ग्रंथांचा एवढा आग्रह कशासाठी? आक्षेपात तथ्य नाही असे नाही. भारतीय विद्यापीठांतील प्रबंध ‘शोधगंगा’वर खुले आहेत, खरगपूरच्या तंत्रज्ञान संस्थेने उभारलेले राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय आहे, मराठी विश्वकोश घरबसल्या वाचता येतो. केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२४ मध्ये ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ ही योजना मंजूर केली. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिके आणि ६,३०० हून अधिक संस्था असा तिचा व्याप आहे. हे पाऊल स्वागतार्हच आहे. परंतु ही योजना केंद्र व राज्य सरकारांच्या व्यवस्थापनाखालील संस्थांसाठी आखली गेली आहे, आणि आपल्या विद्यापीठाशी संलग्न असलेल्या चारशेहून अधिक महाविद्यालयांपैकी बहुसंख्य महाविद्यालये खाजगी शिक्षणसंस्थांची आहेत. दुसरे असे की ही नियतकालिके इंग्रजीत आहेत आणि बी.ए.पर्यंत मराठीतून शिकलेल्या विद्यार्थ्याला त्यांतील पहिला परिच्छेद ओलांडणे जड जाते. तेरा हजार नियतकालिकांच्या अरण्यात आपल्या उपयोगाचा एक लेख कसा शोधावा, हे त्याला कोणीतरी शेजारी बसून दाखवावे लागते. ते काम ग्रंथपालाचे. आणि अनेक महाविद्यालयांत ग्रंथपालाचे पदच रिक्त आहे. एखादा कारकून किंवा शिपाई चावी सांभाळतो. साधने वाढत जातील तसतशी ग्रंथपालाची गरज कमी होत नाही, ती वाढते.

दुसरा आक्षेप विद्यार्थ्यांचा असतो आणि तो अधिक प्रामाणिक आहे. आम्हाला नोकरी हवी आहे, मूळ ग्रंथ वाचण्याची चैन आम्हाला परवडत नाही, असे ते म्हणतात. त्यांना एवढेच सांगावेसे वाटते की परीक्षांचे वारेही आता बदलले आहे. राज्य लोकसेवा आयोगाने राज्यसेवेची मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक केली. चार पर्यायांतून एक निवडण्याची कला येथे पुरेशी पडणार नाही. एखाद्या प्रश्नाच्या दोन्ही बाजू मांडून स्वतःचे मत बांधावे लागेल, आणि तसे मत गाईडातून उचलता येत नाही. ज्याच्या घरी पुस्तकांचे कपाट आहे, ज्याला महागडी शिकवणी परवडते, तो या बदलाला तोंड देईल. ज्याची सारी मदार महाविद्यालयाच्या ग्रंथालयावर आहे, तोच मागे पडेल. म्हणून ग्रंथालयाचा प्रश्न हा चैनीचा नसून समान संधीचा आहे.

यावर उपाय अवघड नाहीत. पहिला उपाय असा की विद्यापीठाचे ज्ञानस्रोत केंद्र हे केवळ परिसरातील विभागांचे न राहता चारही जिल्ह्यांतील प्रत्येक संलग्न महाविद्यालयाच्या विद्यार्थ्याचे व्हावे. धाराशिवहून अडीचशे किलोमीटरचा प्रवास करून कोणी एका पुस्तकासाठी येणार नाही, पण एस.टी.ची गाडी रोज येते-जाते, आणि आठवड्यातून एकदा ग्रंथांची पेटी तालुक्याच्या महाविद्यालयापर्यंत नेणे तिला अशक्य नाही. आंतरग्रंथालयीन देवघेव ही जुनी व सर्वमान्य पद्धत आहे. त्यासाठी सर्व महाविद्यालयांची एकत्रित ग्रंथसूची मात्र आधी व्हायला हवी. दुसरा उपाय म्हणजे ग्रंथपालांची रिक्त पदे भरणे. ग्रंथपालाशिवाय ग्रंथालयाला मान्यता म्हणजे वैद्याशिवाय दवाखान्याला मान्यता होय. तिसरा उपाय, ग्रंथालयाच्या अहवालात ग्रंथसंख्येबरोबरच विद्यार्थ्यामागे वर्षात किती ग्रंथ दिले गेले, हा आकडा सक्तीचा करावा. खरेदीची घाई त्याने आपोआप थांबेल.

चौथा उपाय मराठी ग्रंथांचा आहे. पदवीपर्यंतच्या प्रत्येक विषयातील निवडक मूळ ग्रंथांचे चांगले अनुवाद करवून घेणे हे राज्यातील विद्यापीठांनी मिळून करण्याचे काम आहे. नागपूरच्या विद्यापीठ ग्रंथनिर्मिती मंडळाच्या रूपाने असा प्रयत्न एकदा झाला होता. तो पुन्हा, अधिक नेटाने, झाला पाहिजे. तोवर निवडक प्रकरणांचे अभ्याससंच तयार करून विद्यार्थ्यांना देता येतील. दिल्ली विद्यापीठातील छायाप्रतींच्या प्रसिद्ध खटल्यात उच्च न्यायालयाने २०१६ साली अध्यापनासाठी असे संच करण्याला कायद्याचा आधार असल्याचे मान्य केले आहे. मार्ग मोकळा आहे; त्यावरून चालण्याची तयारी हवी.

आणि शेवटी आम्हा प्राध्यापकांविषयी. विद्यार्थी ग्रंथालयात जात नाही, कारण तेथे गेल्यावाचून उत्तीर्ण होता येते अशी व्यवस्था आम्हीच लावून दिली आहे. प्रश्नपत्रिका आम्ही काढतो, उत्तरे आम्ही तपासतो, टिपणे आम्ही उतरवून देतो. आमच्यापैकी किती जणांनी गेल्या वर्षभरात आपल्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयातून पुस्तक घेतले, हे देवघेव नोंदवहीत लिहिलेले आहे आणि ते वाचण्याचे धैर्य आम्ही क्वचितच दाखवतो. सत्राच्या आरंभी एक मूळ ग्रंथ निवडावा, तो घेऊन वर्गात जावे, त्यातील एक प्रकरण विद्यार्थ्यांबरोबर बसून वाचावे आणि परीक्षेतील एक प्रश्न त्यावर ठेवावा, एवढे करायला कोणत्याही शासननिर्णयाची वाट पाहण्याचे कारण नाही.

पाणी, रस्ते आणि वीज यांचा अनुशेष सरकारने भरून काढावा म्हणून मराठवाड्याने आंदोलने केली आणि यापुढेही करावी लागतील. पुस्तकांच्या अनुशेषासाठी मोर्चा निघणार नाही, कारण ज्याला पुस्तक मिळाले नाही त्याला आपण कशाला मुकलो हे कळतच नाही. म्हणूनच ज्यांना ते कळते त्यांच्यावर, म्हणजे अध्यापकांवर, ग्रंथपालांवर, संस्थाचालकांवर आणि विद्यापीठाच्या अधिकार मंडळांवर, ही जबाबदारी अधिक आहे. पहाटे उठून अभ्यासिकेच्या दारात उभ्या राहणाऱ्या त्या मुला-मुलींनी आपला वाटा उचललेला आहे. खुर्ची त्यांनी मिळवली आहे. आता तिच्यापुढच्या टेबलावर योग्य तो ग्रंथ ठेवण्याचे काम आपले आहे.